मागाचा आवाज तिकडे जात नाही

सोलापूरच्या पूर्व भागात शांतता म्हणजे वीज गेलेली असते. एरवी दिवस असो की रात्र, कुठून ना कुठून माग चालूच असतात. आमच्या घराखाली टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, ओळीनं लावलेले यंत्रमाग, कोपऱ्यात कांड्या भरायचं मशीन आणि भिंतीला टेकून ठेवलेले बीम. धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटतो तो आवाज जिन्यावरून, खिडकीतून, फरशीतून वर येतो. पाहुणे पहिल्या रात्री झोपत नाहीत. आम्ही दुसऱ्या गावी गेलो की आम्हाला झोप येत नाही.

खालची माणसं कामाच्या वेळी तोंडानं फारसं बोलत नाहीत, कारण उपयोग नसतो. हातानं बोलतात. आमचा जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा, चार माग ओलांडून पलीकडच्या माणसाचे ओठ वाचतो आणि भांडणसुद्धा तसंच करतो. बाहेर आल्यावर मात्र हीच माणसं दणदणीत आवाजात बोलतात, कारण कान तसे झालेले असतात. नवी पेठेतल्या लोकांना वाटतं, पूर्व भागातली माणसं सारखी चिडलेली असतात. चिडलेली नसतात हो, समोरच्याला ऐकू जाईल याची त्यांना खात्री नसते एवढंच.

हे एवढं सांगायचं कारण असं, की मी प्रोग्रॅमिंग शिकायला बसले तेव्हा माझी पहिली अडचण इंग्रजी नव्हती, गणित नव्हतं आणि वयही नव्हतं. अडचण माइकची होती. ऑनलाइन वर्गात मला काही विचारायचं झालं की मी माइक चालू करायची आणि सगळ्या वर्गात माग सुरू व्हायचे. "कुणाच्या तरी बॅकग्राउंडला मशीन चालू आहे, प्लीज म्यूट करा." करत होते. म्यूट करूनच शिकत होते. हेडफोन लावून ऐकणं जमायचं, पण विचारणं बंद. आणि न विचारता शिकणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. आपल्याला समजलंय असं वाटत राहतं.

अशात कुणीतरी दुर्गापूरच्या गटाबद्दल सांगितलं. पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरचा हा लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचा गट. २००८ पासून त्यांचं उन्हाळी प्रशिक्षण चालत आलंय. फुकट आणि कुणालाही खुलं. लिनक्स, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो ते मुक्त सॉफ्टवेअर, आणि त्याच्या आधी चार लोकांत कसं लिहावं-विचारावं याचे धडे. पण मला त्यातलं सगळ्यात नवल वाटलं ते हे, की सगळा वर्ग आयआरसीवर. व्हिडिओ नाही, आवाज नाही. शिक्षक टाइप करणार, विद्यार्थी टाइप करणार.

मी ते ऐकलं आणि खालच्या शेडकडं बघितलं. मजकुराला मागाचा आवाज ऐकू जात नाही.

आयआरसी म्हणजे इंटरनेट रिले चॅट. १९८८ च्या ऑगस्टअखेरीस फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ते लिहिलं. तिथल्या औलूबॉक्स नावाच्या बुलेटिन बोर्डावर आधी एक गप्पांचा प्रोग्रॅम होता, त्याच्या जागी काहीतरी बरं हवं होतं. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा अजून यायचं होतं. औलू आर्क्टिक वर्तुळाच्या जवळ, आणि सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. त्या थंडीतली वस्तू या उन्हात चालते याचं मला अजूनही कौतुक वाटतं. चालते, कारण ती मागत काहीच नाही. मजकुराच्या ओळी इकडून तिकडं नेते. माझ्या भाच्याच्या फोनवरची चॅटची ॲपं नुसती उघडायलाच जेवढा डेटा खातात तेवढ्यात माझा अख्खा वर्ग होऊन जाईल.

पण मागत नाही म्हणजे आत सहज घेते असं नाही. जोडणी हा एक वेगळाच प्रकार आहे. हल्ली ब्राउझरमधूनही जाता येतं, तरी मी क्लायंट, म्हणजे आयआरसीला जोडून देणारा प्रोग्रॅम, टाकला. त्यात सर्व्हरचं, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या तिकडच्या संगणकाचं, नाव द्यायचं आणि पोर्ट, म्हणजे त्याच्या दाराचा क्रमांक, द्यायचं. जुनं साधं पोर्ट ६६६७, मजकूर कुलूपबंद करून पाठवणारं ६६९७. मग एंटर मारलं की काळ्या पडद्यावर सर्व्हर स्वतःशीच पुटपुटायला लागतो. तुमचं होस्टनेम शोधतोय. सापडलं नाही. आयडेंट तपासतोय. उत्तर नाही. नवख्या माणसाला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. सरकारी कचेरीतला शिपाई जसा प्रत्येकाला "साहेब नाहीत" म्हणतो आणि तरी आत सोडतो, तसं ते आहे. मग आजचा संदेश म्हणून एक लांबलचक पत्रक येतं, त्यात नियम असतात. ते कुणी वाचत नाही. मी वाचलं, कारण पुढं काय करायचं ते कळत नव्हतं.

मग तिरकी रेघ, जॉइन, हॅशचं चिन्ह आणि चॅनेलचं, म्हणजे गप्पांच्या खोलीचं, नाव. पुष्कळ चॅनेल इथंच अडवतात. तुमचं टोपणनाव नोंदलेलं नाही, आधी ओळख पटवा. स्पॅम टाकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला म्हणून चॅनेलवाले तशी खूण लावून ठेवतात. मग निकसर्व्ह नावाच्या सेवेकडं जायचं. तिला खासगीत सांगायचं की हे नाव माझं, हा पासवर्ड, हा ईमेल. ईमेलवर एक ओळ येते, ती जशीच्या तशी परत टाइप करायची. इथं एक गंमत आहे. आज्ञेची सुरुवात तिरक्या रेघेनंच व्हायला हवी. रेघेच्या आधी चुकून एक मोकळी जागा पडली, तर पुष्कळ क्लायंट तिला आज्ञा मानत नाहीत, साधं बोलणं समजतात आणि पासवर्ड भर चॅनेलात जाऊन पडतो. एका मुलाचं असं झालेलं मी पाहिलं. कुणी हसलं नाही. "आधी पासवर्ड बदल, मग बोलू," एवढंच एकानं लिहिलं. त्या एका ओळीवरून मी ठरवलं की इथं थांबायला हरकत नाही.

वर्गाची सुरुवात हजेरीनं. शिक्षक "रोल कॉल" लिहिणार आणि पडद्यावर एकेक नाव पडत जाणार. कुणी केरळचा, कुणी पाटण्याचा, कुणी कुठला ते सांगतच नाही. मग शिकवणं सुरू. मध्ये कुणी बोलायचं नाही. प्रश्न असेल तर नुसतं उद्गारचिन्ह टाकायचं. तो हात वर करणं. शिक्षकांचा मुद्दा संपला की ते "नेक्स्ट" म्हणणार, मग ज्याची पाळी त्यानं विचारायचं. तोवर प्रश्न टाइप करून तयार ठेवायचा.

हे उद्गारचिन्ह मला फार आवडलं. शाळेत माझा हात वर असायचा, पण बाईंची नजर पुढच्या दोन बाकांपलीकडं यायची नाही. इथं पुढचे बाक नाहीत. ज्यानं आधी चिन्ह टाकलं तो आधी. आणि आपली पाळी येईपर्यंत थांबताना निम्म्या वेळा प्रश्न आपोआप सुटतो, कारण तो लिहून काढावा लागतो. बोलताना "ते नाही का, ते, येतच नाही" एवढ्यावर भागतं. लिहिताना "ते" म्हणजे काय, "येत नाही" म्हणजे नक्की काय होतं, कोणती आज्ञा दिली, कोणती चूक दाखवली, सगळं सांगावं लागतं. सांगता सांगता लक्षात येतं की अरे, फाइलच दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे. मग उद्गारचिन्ह टाकलेलं असतं आणि पाळी आल्यावर "सुटलं, धन्यवाद" असं लिहायचं. यात कमीपणा कुणी मानत नाही.

वर्ग नसतो तेव्हाही चॅनेल चालू असतं, आणि खरी परीक्षा तेव्हा. यादीत भरपूर नावं दिसतात, पण पडदा हलत नाही. नवीन माणूस येतो, "हॅलो" म्हणतो. "कुणी आहे का?" म्हणतो. "एक प्रश्न विचारू का?" म्हणतो. मिनिट-दोन मिनिटं बघतो आणि निघून जातो. दहा मिनिटांनी कुणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर द्यायला येतो, तर विचारणारा गायब. म्हणून तिथली जुनी रीत: विचारू का असं विचारू नका, सरळ विचारा. आणि विचारलं की थांबा. यादीतली सगळी माणसं पडद्यासमोर बसलेली नसतात. कुणी नोकरीवर, कुणी झोपलेला, कुणाचा संगणक नुसता चालू. एखाद्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, आणि येतं तेव्हा पुरतं येतं.

मला स्वतःला हे थांबणं जड गेलं नाही. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला वाट बघणं शिकवावं लागत नाही. पण माझ्याहून लहान मुलांना ते जमत नाही हे दिसतं. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही आलं की त्यांना अपमान वाटतो. आयआरसीत वाचल्याची खूणच नाही. तुमचं कुणी वाचलं की नाही हे कळत नाही, म्हणून कुणी मुद्दाम टाळलं असंही म्हणता येत नाही. माझ्या मते ती खूण नसणं हा त्यातला मोठा सभ्यपणा आहे.

एक रिवाज मात्र सुरुवातीला चक्रावून टाकतो. चॅनेलात माणूस कधीही आला तरी "सुप्रभात" म्हणतो. रात्री नऊला सुप्रभात. जगभरातली माणसं, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, म्हणून ठरवून टाकलंय की जो येतो त्याची सकाळ आणि जो जातो त्याची रात्र. आमच्या जॉबरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग बरोबर आहे की बे. माझी पण रात्रपाळीलाच सकाळ होते." त्याला बाकी काही समजावावं लागलं नाही.

आता विजेचं. सर्व्हर अधूनमधून प्रत्येकाला "पिंग" म्हणतो, आपल्या बाजूनं "पाँग" जायला हवं. गेलं म्हणजे माणूस जिवंत. आमच्याकडं वीज जाते तेव्हा खालचे माग एकदम थांबतात आणि माझा राउटरही. मला ताबडतोब कळतं की मी गेले. चॅनेलला मात्र कळत नाही. तिकडं माझं नाव यादीत तसंच. कुणी मला काही विचारतं, मी उत्तर देत नाही. काही मिनिटं पाँग गेलं नाही की मग सर्व्हर जाहीर करतो, पिंग टाइमआउट, आणि मला काढून टाकतो. वीज लवकर परत आली तर याहून मोठा घोळ. मी परत आत शिरायला जाते तर माझं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं, आणि ते घेणारी मीच. मग नावामागं एक खालची रेघ लावून मी आत येते आणि माझ्याच भुताशेजारी बसते. यावर उपाय आहे. निकसर्व्हला पासवर्ड देऊन सांगायचं की ते भूत हाकल. त्या आज्ञेचं एक नावच घोस्ट असं आहे. मला मात्र भूत हाकलायची घाई नसते. ते आपोआप गळून पडेपर्यंत दोन नावांनी बसायला मजा येते.

ज्यांना हे नको असतं ते बाउन्सर लावतात. दुसरीकडच्या कायम चालू असलेल्या संगणकावर एक प्रोग्रॅम तुमच्या नावानं बसून राहतो, आणि तुम्ही आलात की मधलं सगळं दाखवतो. सोयीचं आहे. मी लावलेला नाही. वीज गेली म्हणजे गेली.

मराठीत लिहिता येतं का, असं मला एका मावशीनं विचारलं होतं. येतं, पण जपून. आयआरसीची १९९३ सालची जी प्रमाण नियमावली आहे तिच्यात एका संदेशाला ५१२ बाइट ठरवून दिलेत, त्यात ओळ संपल्याची खूणही आली. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीत प्रत्येक अक्षरखुणेला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा. इंग्रजीत सोलापूर लिहिलं तर ७ बाइट, देवनागरीत २१. सिद्धेश्वर ३०. पुढं तुमचं नाव, पत्ता, चॅनेलचं नाव यांचेही बाइट त्यातच. त्यामुळं आपलं एक ऐसपैस मराठी वाक्य शेवटच्या शब्दाला कापलं जातं, आणि मराठीत क्रियापद शेवटी असतं. म्हणजे काय केलं तेवढंच नेमकं पोचत नाही.

त्याच नियमावलीत आणखी एक बारीक गोष्ट आहे. महिरपी कंस हे चौकोनी कंसांचं लहान रूप मानायचं, जसं मोठ्या एचं लहान ए. का, तर स्कँडिनेव्हियातल्या कीबोर्डांवर त्या चिन्हांच्या जागी त्यांची स्वतःची अक्षरं बसवलेली होती. लिहिणाऱ्यांनी आपल्या गावची अक्षरं नियमात नेऊन ठेवली आणि ती आजही तिथं आहेत. टोपणनाव देवनागरीत घेऊ देणारं नेटवर्क मला अजून भेटलेलं नाही. राग नाही, पण नोंद आहे.

भाषेचं एवढ्यावर संपत नाही. आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी. सोलापुरात हे इतकं सवयीचं आहे की त्याला कुणी बहुभाषिक वगैरे म्हणत नाही. पण बोलायला तोंड उघडलं की समोरचा लगेच ओळखतो: हा इकडचा, ही तिकडची. पुण्यात गेल्यावर तर "कुठल्या तुम्ही?" हा प्रश्न पहिल्या वाक्यानंतर येतोच. चॅनेलात हेल जात नाही. माझं इंग्रजी मोडकं होतं ते दिसायचं, पण ते कुठं मोडलंय हे दिसायचं नाही. इथं सगळे समान वगैरे जे म्हणतात ते मला फारसं पटत नाही. इंग्रजी येत नसेल तर तुम्ही दाराबाहेरच आहात, आणि ते दार कुणी उघडत नाही. तरी एक पायरी कमी झाली हे खरं.

आणि बाई असणं. साधारण २००० च्या आसपास नवी पेठेत आणि सात रस्त्याकडं सायबर कॅफे निघाले होते. प्लायवूडचे खोपटे, दाराला पडदा, तासाचे पैसे. माझा भाऊ जायचा, मला परवानगी नव्हती. तो सांगायचा की चॅटरूममध्ये गेलं की पहिला प्रश्न "एएसएल". म्हणजे वय, लिंग, गाव. मुलगी आहे म्हटलं की खिडक्यांवर खिडक्या उघडायच्या. त्यातल्या काही चॅटरूम आयआरसीच होत्या, त्याला कुणी तसं म्हणायचं नाही एवढंच. त्यामुळं इतक्या वर्षांनी मी त्याच यंत्रणेत शिरले तेव्हा मनात धाकधूक होती. टोपणनाव असं घेतलं की बाई का पुरुष कळू नये. कुणी विचारलंच नाही. काही महिन्यांनी बोलता बोलता मीच सांगून टाकलं, तर उत्तर आलं, "बरं. तुझी ती स्क्रिप्ट चालली का?" सगळीकडं असंच असतं असं मी म्हणणार नाही. ज्या चॅनेलात वागण्याचे नियम आहेत आणि ते मोडणाऱ्याला बाहेर काढणारा ऑपरेटर जागा आहे, तिथं असं असतं. यंत्र तेच आहे, माणसं ठरवतात.

हे २०२१ मध्ये सगळ्यांना दिसलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं आयआरसीवरचं तेव्हाचं मोठं नेटवर्क म्हणजे फ्रीनोड. कित्येक वर्षं उबुंटू, विकिमीडिया, जेंटू, आर्च असे मोठे मुक्त प्रकल्प सगळे तिथं. त्याच्या मालकीवरून आणि ताब्यावरून वाद झाला, आणि ते नेटवर्क फुकट सांभाळणारे स्वयंसेवक मे महिन्यात एकगठ्ठा बाहेर पडले. १९ मेला त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं, स्वीडनमधली बिननफ्याची संस्था म्हणून. पाठोपाठ एकेक चॅनेल उठून तिकडं गेलं. ज्यांनी आपल्या फ्रीनोडवरच्या चॅनेलात नव्या जागेचा पत्ता लिहून ठेवला, त्यातली कित्येक चॅनेल तिथं ताब्यात घेतली गेली. तरी माणसं पोचली. क्लायंटात सर्व्हरचं नाव बदलायचं, टोपणनाव पुन्हा नोंदवायचं, झालं. दुर्गापूरवालेही गेले. एवढं मोठं स्थलांतर इतक्या थोड्या दिवसांत होऊ शकलं याचं कारण सामान फार नव्हतं. आयआरसी काही साठवतच नाही. तुम्ही नसताना जे बोललं गेलं ते तुमच्यासाठी नव्हतं.

माझ्या भाच्याला हेच पटत नाही. तो इंजिनिअरिंगला आहे. "मावशी, हिस्ट्री नाही म्हणजे काय? वरती स्क्रोल करता येत नाही?" येत नाही. काही चॅनेल नोंद ठेवतात, मग तसं विषयाच्या ओळीत आधीच लिहिलेलं असतं. एरवी नाही. तो म्हणाला, मॅट्रिक्स नावाच्या दुसऱ्या चॅट-व्यवस्थेवरून पूल टाकून ये, सगळं साठतं. मी सांगितलं, लिबेराचा तो पूल २०२३ च्या ऑगस्टमध्येच बंद झाला. तेव्हा पुलावरून येणारी माणसं यादीतून गेली. बरीच जण नंतर सरळ वाटेनं आली, काही आलीच नाहीत. "मग तुम्ही लोकं दुसरं काही का नाही वापरत?" या प्रश्नाला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. सवय आहे, माणसं तिथं आहेत, आणि माझ्या जुन्या संगणकावर दुसरं काही नीट चालत नाही, ही तिन्ही कारणं खरी आहेत.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातले माग बंद असतात. यंदा त्या दिवशी भाचा घरी होता. म्हणाला, आज आवाज नाही, आज व्हिडिओवर बोल की तुझ्या त्या लोकांशी. मी चॅनेलात तसं लिहिलंही, की आज आमच्याकडं शांत आहे, कुणाला बोलायचंय का. बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मग एकानं लिहिलं, त्याच्याकडं बाळ रडतंय. दुसरा ट्रेनमध्ये होता. तिसऱ्यानं विचारलं, "कोणता आवाज?" मी त्याला मागाबद्दल सांगायला घेतलं आणि ते तीनदा कापलं गेलं.